मुलाखतीच्या खोलीचा पंचनामा

प्रति,
मा. कुलसचिव,
प्रशासकीय इमारत, दुसरा मजला,
विद्यापीठ.

(आवक खिडकीवरील लिपिकास विनंती : हा अर्ज "साहेब बैठकीत आहेत" या सबबीवर परत करू नये. साहेब बैठकीत असतील तर तो बैठकीतच नेऊन द्यावा.)

विषय : सहायक प्राध्यापक (फौजदारी न्याय) या एका कायम पदासाठी झालेली निवड रद्द करून मुलाखती नव्याने घेण्याबाबत, तसेच मूळ पंचनामा परत न करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली जाहिरात, दि. ४ जानेवारी. २) मुलाखती, दि. १२ मार्च. ३) माझे अर्ज, दि. २० मार्च, ६ एप्रिल व २ मे. ४) आपले ज्ञापन, दि. १४ मे. ५) आपल्या विधी सल्लागारांचा अभिप्राय, दि. २८ मे. ६) आपल्या दालनातील तोंडी बोलणे, दि. ९ जून, ज्याची नोंद आपण ठेवलेली नाही. मी ठेवली आहे.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज. पहिले तीन आपल्या कार्यालयात सुखरूप पोहोचले, कारण तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे. पुढे त्यांचे काय झाले ते आपण जाणे आणि आपले कपाट जाणे. थोडक्यात लिहिलेले आपण वाचत नाही असा अनुभव आल्यामुळे या वेळी लांब लिहून पाहते.

२. मी आपल्या फौजदारी न्याय विभागात गेली नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास चालू असेपर्यंत मी अध्यापिका, घंटा झाली की आगंतुक. विभागात मला खुर्ची आहे, टेबल नाही. "तपास आणि पुरावा" हा विषय या नऊ वर्षांत माझ्याशिवाय कोणी शिकवलेला नाही. एकदा मी आजारी असताना विभागप्रमुखांनी त्याचा एक तास घेतला. दुसऱ्या दिवशी मुले मला विचारू लागली, की फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हे नेमके ठरवायचे कसे. तो गोंधळ मुलांचा मी मिटवला, विभागप्रमुखांचा अजून मिटलेला नाही. परिच्छेद ८ पाहावा. नऊ वर्षांत या विषयाच्या कायम पदाची जाहिरात एकदाच निघाली. तिच्यात वयाची अट पंचेचाळीस आहे आणि येत्या ३० जूनला मला पंचेचाळीस पूर्ण होतात. या जाहिरातीपुरती मी वयात बसते, पुढची निघेल तेव्हा बसणार नाही. तेव्हा ही जागा माझ्यासाठी काय होती हे आपणांस वेगळे सांगायला नको. पण आपणांस वेगळे सांगितल्याशिवाय काही कळत नाही, म्हणून सांगते, की ही माझी पहिली आणि शेवटची संधी होती.

३. शिकवायला लागण्याआधी अकरा वर्षे मी एका पोलीस ठाण्यात लेखनिक होते. पंचनामा म्हणजे घटनेच्या जागी जे दिसते ते, दिसते तसे, तटस्थ माणसांसमोर लिहायचे आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या. पुस्तकात असे आहे. आमच्या ठाण्यात पंच ठरलेले होते : समोरचा इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा. दोघेही सज्जन. दर सोमवारी येऊन कोऱ्या कागदांवर सह्या करून जात, आणि वरचा मजकूर आठवडाभर मी भरत असे. एका नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खोलीचा पंचनामा मी असाच ठाण्यात बसून लिहिला : "खाटेखाली सुरा एक, लांबी नऊ इंच." तो माणूस अडीच वर्षे आत होता. शेवटी सुनावणीत त्याची बायको उभी राहून म्हणाली, "साहेब, कुठली खाट? आम्ही सगळे खाली झोपतो." त्या खोलीत खाट कधीच नव्हती. तो सुटला. माझ्यावर कारवाई झाली नाही. फक्त लेखी खुलासा मागवला गेला आणि ठाण्याच्या वतीने तोही मीच टाइप केला. पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. मला लाज वाटली होती, अजूनही वाटते. नंतर शिकले, पदव्या घेतल्या आणि शिकवू लागले ते एवढ्यासाठी, की उद्या ठाण्यात आणि न्यायालयात बसणाऱ्या मुलांना कोणीतरी सांगावे : आधी खोलीत जा, मग लिहा. ही हकीकत मी कोणापासून लपवलेली नाही. आपल्या छापील नमुन्यात "पूर्वानुभव" या रकान्याला दोनच ओळी होत्या म्हणून पुरवणी जोडली होती. ती निवड समितीने वाचलेली नाही, कारण मी घडी घालून लावलेली टाचणी मुलाखतीच्या दिवशी जशीच्या तशी होती.

४. आता दि. १२ मार्चची हकीकत. जागा तळमजल्यावरची बैठकीची खोली. बाहेर पाच जणांच्या बाकावर सात उमेदवार. आत निवड समितीचे चार सदस्य : विभागप्रमुख, अधिष्ठाता, सदस्य सचिव या नात्याने आपण स्वतः, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून बोलावलेले एक निवृत्त न्यायाधीश, वय सत्तरीच्या पुढे. प्रत्येक उमेदवाराने दहा मिनिटे नमुन्याचे व्याख्यान द्यायचे, मग मुलाखत. गुण शंभर : पात्रतेला चाळीस, व्याख्यानाला तीस, मुलाखतीला तीस. माझा क्रमांक चौथा.

मी व्याख्यानाला पंचनामा हाच विषय घेतला आणि वर्गात शिकवते तसाच शिकवला. म्हटले, ही खोली म्हणजे घटनेची जागा, आपण चौघे पंच. प्रत्येकाने समोर जे दिसते ते सांगावे, मी लिहिते. अधिष्ठात्यांनी भिंतीवरचे घड्याळ सांगितले, "चालू स्थितीत, अकरा बेचाळीस". ते सकाळपासून त्याच्याकडेच पाहत होते. आपण पाण्याच्या बाटल्या सांगितल्या, चार, पैकी एक अर्धी. विभागप्रमुखांना फोन आला. ते उठून खिडकीशी गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "तुम्ही लिहा हो काहीही, मी आलोच." फौजदारी न्याय विभागाच्या प्रमुखाने पंचनाम्याविषयी उच्चारलेले हे वाक्य मी शब्दशः नोंदवले आहे.

खरे मन लागले ते एकट्या न्यायाधीशांचे. त्यांचा सगळा जन्म इतरांनी लिहिलेले भिकार पंचनामे ऐकण्यात गेला असावा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, मी सांगतो तसं शब्दाला शब्द लिहा." मग विभागप्रमुखांच्या रिकाम्या खुर्चीपुढे जो कागद पडला होता तो उचलला आणि भर न्यायालयात वाचावा तसा खणखणीत वाचायला लागले : "गुणतक्ता, छापील, एक. ओळी सात, रकाने चार. सर्व रकाने निळ्या शाईने भरलेले. तारीख आजची. सही नाही. ओळ पहिली..."

लेखनिकाचा हात आधी कानाचे ऐकतो, डोक्याचे नंतर. पहिल्या तीन ओळी मी नुसत्या लिहिल्या. चौथी ओळ अशी होती : पात्रता तेहतीस, व्याख्यान अकरा, मुलाखत चौदा, एकूण अठ्ठावन्न. चौथी म्हणजे मी. ज्या व्याख्यानाची तेव्हा सहा मिनिटे झाली होती आणि चार राहिली होती त्याला अकरा गुण पडूनही गेले होते. जी मुलाखत सुरूच झाली नव्हती तिला चौदा. पाचव्या ओळीत एकूण छप्पन्न. सातव्या ओळीत एक्याण्णव, आणि ते सातवे उमेदवार मी आत येताना बाकावर बसून बुटातला खडा झटकत होते. पाचव्या ओळीपाशी न्यायाधीशांचा आवाज जरासा अडखळला. पण हातात घेतलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. ते सातवी ओळ वाचूनच थांबले.

५. अर्धवट पंचनामा हा पंचनामा नसतो. म्हणून मी तो पुरा केला, खाली "अकरा अठ्ठेचाळीस" अशी वेळ घातली आणि कागद फिरवला. "वाचून पाहा आणि सही करा," असे मी मोठ्याने म्हटले. अधिष्ठात्यांनी गुडघ्यावर धरून सही केली. विभागप्रमुख फोन कानाला लावूनच आले, "कुठे?" एवढेच विचारले आणि केली. आपण चष्मा शोधत होतात. तो आपल्या कपाळावर होता. तो खाली येईपर्यंतही आपणांस धीर निघाला नाही. तिसरी सही आपली आहे, साहेब. कुलसचिवांच्या सहीचा नमुना मला नऊ वर्षांच्या नेमणूकपत्रांवरून चांगला परिचित आहे. न्यायाधीशांनी मात्र कागद वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिले, तारखेसह सही केली आणि म्हणाले, "पंचनामा चांगला झालाय." नंतर माझी मुलाखत झाली. मला दोन प्रश्न विचारले गेले. त्यातला एक असा : "घर आणि नोकरी दोन्ही झेपेल का?"

६. एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते तीही लिहिते, कारण सोयीचे तेवढे लिहायचे दिवस मी मागे टाकले आहेत. मी बाहेर आले तेव्हा पाचव्या क्रमांकाच्या उमेदवार उठून उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, हातात टिपणांचा जाड गठ्ठा, कडा मुडपलेल्या. त्यांनी विचारले, "कसं झालं? फार आडवंतिडवं विचारतात का हो?" माझ्या पिशवीत तो कागद होता. मी म्हटले, "नाही नाही. जा तुम्ही, छान होईल." त्या आत गेल्या आणि खटला न चालता वर्षानुवर्षे तुरुंगात पडून राहणाऱ्या कैद्यांवर दहा मिनिटे बोलल्या. दाराबाहेर मला ऐकू येत होते. जीव ओतून बोलत होत्या. त्या व्याख्यानाला नऊ गुण पडून अर्धा तास झालेला आहे हे मला माहीत होते आणि मी बाकावर गप्प बसून राहिले.

७. दि. १६ मार्च रोजी निकाल फळ्यावर लागला. सातवे उमेदवार निवडले गेले. ते विभागप्रमुखांचे भाचेजावई आहेत. आपल्या नातेसंबंधाच्या छापील खुलाशात मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीण, पुतण्या, भाचा अशी यादी आहे. भाचेजावई तिच्यात नाही, म्हणून विभागप्रमुखांनी "नाते नाही" या चौकोनात खूण केली. भाचा असता तर अडचण होती. भाचीचा नवरा म्हणजे रस्त्यावरचा परका माणूस. त्यांचा अनुभव एका सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीतला आहे, तिथे ते गणवेशाची मापे आणि हजेरी पाहत असत. फौजदारी न्यायाशी त्यांचा संबंध शिटी आणि काठी यापलीकडे गेल्याचे त्यांच्या अर्जातही दिसत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे मी लिहिणार नव्हते, पण दि. ३ एप्रिल रोजी त्यांचाच मला फोन आला. "मॅडम, तुमच्या नोट्स पाठवता का जरा? बाकी सगळं होतंय, पण तो पंचनामा काही डोक्यात शिरत नाही." पाठोपाठ विभागाचे पत्र आले, की नवनियुक्त प्राध्यापक रुळेपर्यंत मी एक महिना त्यांच्यासोबत वर्गात बसावे. सोबत खुर्चीची व्यवस्था स्वतः करावी, असेही त्यात आहे.

८. मी तीन अर्ज केले. उत्तर आले नाही, दि. १४ मेचे ज्ञापन आले. त्यात माझ्या तक्रारीबद्दल अक्षर नाही. उलट "निवड समितीचे गोपनीय कागदपत्र अनधिकृतपणे पाहिल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये" असा मलाच प्रश्न आहे. तो कागद मी पाहिला नाही, महोदय. समितीच्या सदस्याने मला तो वाचून दाखवला आणि समितीच्या चार सदस्यांनी मी तो बरोबर लिहून घेतला म्हणून सह्या केल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी असे म्हणतात. इथे संन्यासी म्हणवून घेण्याइतकी मी मोठी नाही, पण फाशीचा दोर मात्र माझ्याच मापाचा काढलेला दिसतो. चौकशीसाठी नेमलेल्या समितीत विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि आपण. उंदराला मांजर साक्ष, आणि इथे तर मांजरच न्यायाधीश. सुनावणी मंगळवारी साडेदहाला ठेवली, ज्या वेळी माझा तास असतो हे वेळापत्रकात आपल्याच सहीने जाहीर आहे. मी तास घेतला. माझ्या नावापुढे "हेतुपुरस्सर गैरहजर" असा शेरा पडला.

दि. २८ मेचा विधी सल्लागारांचा अभिप्राय तर मी वर्गात शिकवण्यासाठी जपून ठेवणार आहे. त्यात म्हटले आहे, की पंच हे निःपक्षपाती आणि प्रकरणात हितसंबंध नसलेले असावे लागतात. निवड समितीचे सदस्य तसे नव्हते. सबब सदर पंचनामा ग्राह्य धरता येत नाही. समितीचे सदस्य निःपक्षपाती नव्हते, हे विद्यापीठाने विद्यापीठाच्या शिक्क्याखाली लिहून दिले आहे. या संपूर्ण पत्रव्यवहारात मला पूर्णतः मान्य असलेले हे एकमेव वाक्य आहे. त्याबद्दल विधी सल्लागारांचे आभार मानते.

न्यायाधीशांना मी पत्र लिहिले होते. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले : "अंतिम गुणतक्त्यावर मी सही केलेली नाही. कागद जपून ठेवा." फळ्यावर लागलेल्या निकालाखाली त्यांच्या नावापुढे आपण "प्रवासात" असे लिहिले आहे. ते त्या दिवशी आपल्याच अतिथिगृहात दुपारचे जेवत होते.

९. दि. ९ जून रोजी आपण मला दालनात बोलावलेत. शिपायाला बाहेर पाठवलेत, पंखा मोठा केलात आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणालात. आपले शब्द असे होते : "बाई, तो मूळ कागद द्या आणि विषय संपवा. पुढच्या वर्षी दुसरी जागा निघतेय. वयाचं काय ते आपण बघून घेऊ. शेवटी हे सगळं तुम्ही जागेसाठीच करताय ना? मग जागा घ्या." सोबत एक तयार मसुदा माझ्यापुढे सरकवलात : सदर पंचनामा हा केवळ अध्यापनाचा काल्पनिक नमुना असून त्यातील आकडे मी मनाने घातले होते. खाली माझ्या सहीसाठी जागा होती. मी विचार करून सांगते म्हणून उठले, आणि आपण उठून दारापर्यंत पोहोचवायला आलात. नऊ वर्षांत हेही पहिल्यांदाच.

१०. घरी गेले आणि सांगितले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, देव देतं नि कर्म नेतं, तसं करू नकोस. ते अपमान-बिपमान चार दिवसांनी विरतं. पगाराची नोकरी विरत नाही." नवरा रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, दिवसभर लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या बाटल्यांवर चिकटवतो आणि त्यामुळे जपून बोलतो. तो म्हणाला, "मी काहीच म्हणणार नाही. उद्या काही झालं तर मलाच धरशील." दोघांचेही काही चुकले नाही. मला नोकरी हवी आहे, आणि ती मला येते. मला दुसरे काही इतके चांगले येत नाही. त्या रात्री मी ठरवले, की द्यायचा कागद. हे मी आपणांस लेखी कळवते आहे, म्हणजे मी धुतल्या तांदळासारखी आहे असा आपला गैरसमज होऊ नये.

११. दि. ११ जून रोजी सकाळी मूळ पंचनामा आणि आपला मसुदा असे दोन्ही घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर आले. मसुद्यावर मी सही करून आणली होती. आपण बैठकीत होतात. बाहेरच्या बाकावर पाचव्या क्रमांकाच्या उमेदवार बसल्या होत्या. मूळ प्रमाणपत्रे परत न्यायला आल्या होत्या. माहिती मागवून त्यांनी आपले गुण मिळवले होते. त्यांनी मला ओळखले, सरकून जागा करून दिली आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? तीसपैकी नऊ म्हणजे फारच वाईट झालं असणार ना हो माझं? मला तर वाटलं होतं चांगलं झालं. बोलताना कळतच नाही बहुतेक मला." मग म्हणाल्या, "आता शिकवायचं सोडलंय मी. भावाच्या दुकानात बसते. आपल्याला येत नाही ते उगाच का करा?"

मी त्यांना सांगितले. सगळे सांगितले, त्या दिवशी बाकावर गप्प बसले होते तेही. कागद उघडून पाचवी ओळ दाखवली आणि खालची वेळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग मला वाटले रडतील, तर त्या चिडल्या, आणि आपल्यावर नव्हे, माझ्यावर. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? आणि मला म्हणालात, छान होईल? तीन महिने मी आरशासमोर उभी राहून स्वतःचंच व्याख्यान ऐकतेय, कुठे चुकलं म्हणून!" त्या पायऱ्या उतरून गेल्या. प्रमाणपत्रे न्यायचे विसरल्या. ती आपल्या कार्यालयात आहेत, तेवढी तरी त्यांच्या पत्त्यावर पाठवावीत.

आपली बैठक संपली तेव्हा शिपाई मला बोलवायला आला. मी आत येत नाही म्हणून सांगितले. सही केलेला मसुदा तिथेच फाडला आणि तुकडे पिशवीत घातले, कारण कचरा टाकायला आपल्या मजल्यावर टोपली नाही.

१२. तरी माझ्या मागण्या अशा :

(अ) दि. १६ मार्चची निवड रद्द करावी. भाचेजावयांना विद्यापीठाच्या सुरक्षा विभागात सामावून घेतल्यास माझी हरकत नाही. गणवेशाची मापे ते चांगली घेतात असे ऐकते.

(आ) त्याच जाहिरातीवर, त्याच उमेदवारांच्या मुलाखती नव्या समितीपुढे घ्याव्यात, आणि प्रत्येक उमेदवार आत आल्यावर गुणतक्ता कोरा असल्याचे त्याला आधी दाखवावे.

(इ) उमेदवार क्रमांक १, २, ३, ५ आणि ६ यांना लेखी कळवावे, की चौथ्या उमेदवाराचे व्याख्यान संपण्यापूर्वीच गुणतक्ता सातव्या ओळीपर्यंत भरला गेला होता. क्रमांक ५ यांना हे पत्र सर्वांत आधी जावे.

(ई) मूळ पंचनामा मी परत करणार नाही. "अध्यापन साहित्य ही विद्यापीठाची मालमत्ता आहे," हे आपले म्हणणे मला मान्य नाही. कागद माझा होता, पेन माझे होते. सह्या तेवढ्या आपल्या आहेत.

१३. शेवटचे. माझ्या फायलीवर आपण शेरा मारला आहे, की "तक्रारदार ही स्वतः उमेदवार असून तिचा हेतू पद मिळवणे हाच असल्याने तक्रार दखलपात्र नाही." दालनातही आपण तेच म्हणालात. ते खोटे नाही. मला ती जागा हवी होती. हा अर्ज टाइप करतानाही हवी आहे, इतकी हवी आहे की गेल्या आठवड्यात त्यापायी मी आयुष्यात दुसऱ्यांदा खोटा कागद करून बसले होते. नव्याने मुलाखती झाल्या, तर या जाहिरातीवर मी वयात बसते आणि प्रामाणिक समितीपुढे ती जागा मिळवीन असा माझा विश्वासही आहे. पण मी उमेदवार आहे तोवर आपण त्या शेऱ्याच्या आड बसून राहणार, आणि उरलेले पाच जण आपल्याला येत नाही असे समजून दुकाने सांभाळणार. म्हणून सोबत माझी उमेदवारी मागे घेत असल्याचे पत्र जोडले आहे. त्या मुलाखतींना मी नसेन. ३० जूननंतर कोणत्याच मुलाखतीला नसेन. मला आता आपल्याकडून काहीही मिळवायचे नाही. आता उत्तर द्यावे.

आपली, या अर्जापुरती नम्र,

(सही)
तासिका तत्त्वावरील अध्यापिका, फौजदारी न्याय विभाग
उमेदवार क्रमांक ४ (आजपर्यंत)

दिनांक : १९ जून

सोबत :
१) दि. १२ मार्चच्या पंचनाम्याची साक्षांकित छायाप्रत, पाने दोन, सह्या चार.
२) निवृत्त न्यायाधीशांच्या पत्राची प्रत.
३) विधी सल्लागारांच्या अभिप्रायाची प्रत, संबंधित वाक्य अधोरेखित.
४) उमेदवारी मागे घेत असल्याचे पत्र, मूळ प्रत.

प्रत माहितीसाठी, पंचनाम्याच्या छायाप्रतीसह, आजच्याच टपालाने रवाना : उमेदवार क्रमांक १, २, ३, ५ आणि ६.